परिचारिकेच्या दाखल्यामागील पाठबळ

महोत्सवाच्या पुस्तिकेत मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली ही हकिकत यावयाचीच, आणि ती अन्य पानांवर योग्य लेखकांच्या हातून आलेलीही आहे. आमच्या वाट्यास संपादक मंडळाने निराळाच विषय दिला आहे. त्याचे कारण असे. या उत्सवाच्या निमित्ताने जमलेल्या निधीपैकी काही भाग परिचारिका, प्रसाविका, प्रयोगशाळेतील साहाय्यक इत्यादी रुग्णसेवेच्या दाखल्याचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या मुलामुलींकरिता राखून ठेवावा, अशी सूचना धर्मग्रामाच्या सभेपुढे आली, तेव्हा सभेत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, फी भरली की आपले कर्तव्य संपले. दुसरा म्हणे, फी भरूनही मुली वर्षाच्या आत घरी परत येतात, तर पैसा पाण्यात का घालावा? दोन्ही बाजूंस आमचेच स्नेही बसलेले असल्यामुळे आम्ही त्या सभेत मौन धरले. परंतु घरी आल्यावर जुनी पुस्तके व अहवाल चाळावयास बसलो. तेव्हा असे आढळून आले की, हा वाद आमच्या धर्मग्रामाने काही नव्याने काढलेला नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या भाषांत चालत आलेला आहे, आणि त्याचा निकालही एकदा नव्हे तर अनेकदा लागलेला आहे. तीच हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आरंभ परदेशातून करणे भाग आहे, कारण परिचारिकेच्या पद्धतशीर शिक्षणाची आजची वहिवाट तिकडूनच आली. क्रिमियाचे युद्ध चालू असता १८५५ साली इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंच्या नावाने लोकवर्गणी उभारण्यात आली व ती सुमारे ४५,००० पौंडांपर्यंत गेली. बाईंनी त्या पैशांतून स्वतःसाठी काही घेतले नाही. तिच्या आधारावर १८६० साली लंडन शहरी सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत अवघ्या १५ उमेदवार होत्या. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या १५ जणींकडून फी तर घेतली नाहीच, उलट त्यांचे राहणे, जेवणे, कपड्यांची धुलाई हे सर्व निधीतून चाले, आणि शिवाय हातखर्चास वर्षाचे १० पौंड मिळत. एवढ्यावरही भागले नाही. रुग्णालयातील वैद्यांनी त्यांना व्याख्याने द्यावी, वॉर्डातील मुख्य परिचारिकेने हाती धरून काम शिकवावे, आणि प्रत्येकीने आपल्या कामाची टिपणे लिहून ठेवावी, अशी व्यवस्था होती. म्हणजे पोटास अन्न, डोक्यावर छप्पर आणि हातात पाटी, ही तिन्ही एकाच निधीने एकाच वेळी पुरविली. पुढे जेथे जेथे ही शाळा अनुकरणीय मानली गेली, तेथे तेथे यांतील एखादे अंग गळाले की शाळा लंगडू लागे, असा अनुभव आहे.

हिंदुस्थानात हा प्रश्न अधिक बिकट होता. येथील स्त्रिया पुरुष वैद्यास नाडी दाखविण्यासही तयार नसत. मग प्रसूतीची गोष्ट काय बोलावी? १८८१ साली पन्नाच्या महाराणीने आपल्या देशातील आजारी स्त्रियांची ही व्यथा आपल्यावर औषधोपचार करणाऱ्या बीलबीबाईंच्या हाती व्हिक्टोरिया राणीकडे कळविली, ही कथा प्रसिद्ध आहे. तिचे फळ म्हणून १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी जो निधी स्थापिला तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण देणे, स्त्रियांसाठी रुग्णालये व दवाखाने उघडणे, आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी पुरविणे, असे त्याचे तीन हेतू होते. धर्मप्रसाराशी या निधीने संबंध ठेवावयाचा नाही असा त्याचा कडक नियम असे. त्यामुळे मिशनांच्या रुग्णालयांस या निधीकडे पाहून चालण्यासारखे नव्हते. आपला मार्ग त्यांनी आपणच काढला, त्याची हकिकत पुढे येईलच.

मुंबई या कामी डफरिन निधीच्याही थोडी पुढेच होती. किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापूरजी बंगाली या दोघांनी वर्गणी जमवून १८८३ साली डॉक्टर एडिथ पीची यांना विलायतेहून आणविले. त्याच साली ग्रँट मेडिकल कॉलेजाने आपली दारे स्त्रियांना उघडली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपये दिले व १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. पीचीबाईंनी तेथे परिचारिका शिकविण्यासही प्रारंभ केला. येथे एक गोष्ट आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. इमारतीसाठी लाख रुपये देणारा दाता मिळतो, कारण इमारतीच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसविता येते. शिकणाऱ्या मुलीच्या जेवणाच्या ताटावर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणूनच की काय, त्या काळच्या मोठमोठ्या देणग्यांची यादी वाचताना विटा व चुना पुष्कळ दिसतो, आणि खानावळीचा खर्च शोधून काढावा लागतो. हा दोष केवळ त्या काळचाच होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पैसा दिला, पण बाकीचे काही दिले नाही, म्हणजे काय होते याचे उदाहरण फार बोलके आहे. व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ १९०३ साली लेडी कर्झन यांनी एक शिष्यवृत्ती निधी काढला. पिढीजात सुइणींना सुधारलेल्या रीतीने शिकवावे, हा त्याचा हेतू. हेतू उत्तम होता यात शंका नाही, कारण त्या काळी या देशातील बहुसंख्य बाळंतपणे या सुइणींच्याच हातून होत, आणि त्यांच्या अस्वच्छ हातांनी व गंजक्या हत्यारांनी किती माता व बालके दगावली असतील त्याची गणती नाही. परंतु सुईण म्हणजे वयस्क, निरक्षर व हातावर पोट असणारी बाई. ती वर्गास यावी म्हणून तिला हजेरीचे पैसे द्यावे लागत. ती येई, भिंतीला टेकून बसे, बाईंचे ऐके, पैसे कमरेला लावी, आणि रात्री बोलावणे आले की आईकडून शिकलेल्याच जुन्या रीतीने काम करी. या निधीने १९१८ साली आपल्या अनुभवाचे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. देशभरातील वैद्यबायांनी त्यात दिलेल्या माहितीवरून दिसते की, जेथे शिकविणारी बाई सुइणीबरोबर प्रत्यक्ष घरोघर गेली, हात धुवून घेतले, नाळ कापताना शेजारी उभी राहिली, तेथे काही तरी निष्पन्न झाले; जेथे नुसता हजेरीपट भरला, तेथे पैसा गेला व सुईण होती तशीच राहिली. सभेतील ज्या आमच्या स्नेह्यांनी पाण्यात घातलेल्या पैशाची गोष्ट काढली, त्यांच्या बाजूचा याहून सबळ पुरावा आम्हांस सापडला नाही. मात्र तो पुरावा त्यांना वाटते तितका त्यांच्या बाजूचा नाही, हे पुढे दिसेल.

आता आपल्या पुण्याकडे वळू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने १९०९ साली पुणे सेवासदन ही संस्था उभी केली. देवधर हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद होते, हिशेबाला चोख व कामाला वाघ. संस्थेत येणाऱ्या बहुतेक बाया प्रौढ होत्या. पुष्कळशा विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही संसार सांभाळून दुपारी दोन घटका मोकळ्या मिळणाऱ्या. त्यांच्यापैकी काहींना परिचारिका करावे व त्यांचे शिक्षण ससून रुग्णालयात व्हावे, अशी योजना रमाबाईंनी मनावर घेतली.

ही गोष्ट त्या काळी किती धाडसाची होती, हे आज समजावून सांगावे लागते. उच्चवर्णीय विधवेने केशवपन केलेले मस्तक पदराने झाकून माजघरात बसावे, ही रूढी; आणि तिनेच रुग्णालयात जाऊन परक्या माणसाच्या जखमा धुवाव्या, रात्रीचे पहारे करावे, कोणत्याही जातीच्या रोग्यास पाणी पाजावे, ही योजना! सेवासदनाच्या वार्षिक संमेलनातील एक प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात येतो. बक्षीस समारंभ चालू असता एक विधवा आपल्या लाल आलवणात व्यासपीठावर आली, तेव्हा मागे बसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारंभाच्या अखेरीस आभार मानावयास उठलेल्या रमाबाईंनी त्या तरुणांचे जे वाभाडे काढले, ते ऐकून सभागृह थक्क झाले. महाविद्यालयात शिकत असूनही तुम्हांस सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. घरोघर जी विधवा आहे, जी आपलीच बहीण वा मावशी आहे, तिची तुम्ही थट्टा करता, हे त्यांनी त्यांच्या पदरात घातले. असा कैवार घेणारे माणूस पाठीशी उभे असणे, ही देखील एक प्रकारची शिष्यवृत्तीच म्हटली पाहिजे, आणि ती कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

परंतु केवळ कैवाराने दाखला मिळत नाही. सेवासदनाची करामत ही की, शिक्षणाची सगळी शिडी त्यांनी एकाच अंगणात उभी केली. जी बाई अक्षरशत्रू म्हणून आली तिला प्रथम मराठी लिहावयास व वाचावयास शिकवीत. मग गणित, मग गरज पडेल तसे इंग्रजी. एवढी तयारी झाल्यावर ती ससूनच्या वॉर्डात जाई. तेथे दिवस काढून ती परत येई ती संस्थेच्याच वसतिगृहात, आपल्यासारख्याच इतर बायांच्या संगतीत, जेथे तिच्या जेवणखाणाची सोय होती, आजारपणात विचारपूस करणारे कोणी होते, आणि वर्गात न समजलेला भाग विचारावयास जागा होती. देणगीदारांकडे जाऊन खर्च मिळवून आणण्याचे काम देवधर व रमाबाई करीत. अशा रीतीने शिकून निघालेल्या परिचारिका व सुइणी महाराष्ट्रात ठिकठिकाणी कामास लागल्या. सुइणींच्या वर्गात जे साधले नाही ते येथे साधले. त्याचे कारण पुण्याच्या बाया अधिक बुद्धिमान होत्या हे नव्हे. येथे पैशाच्या मागोमाग माणूस चालत गेले, हे होय. रमाबाई १९२४ साली निवर्तल्या, परंतु संस्था चालत राहिली.

मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८९४ साली रुग्णालय उघडले व पुढे तेथेही दक्षिण महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती मुली परिचारिका झाल्या. त्या बांधवांचा पंथ आमच्याहून निराळा असला तरी त्यांच्या कामाचे ऋण मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

आता वाचक विचारतील की, या सर्व काळात आमची कॅथोलिक ख्रिस्तसभा काय करीत होती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना थोडी अवघड गोष्ट सांगावी लागते. रोग्यांची सेवा तर धर्मभगिनी शतकानुशतके करीतच होत्या. परंतु व्रतस्थ भगिनींनी पूर्ण वैद्यकी करावी किंवा प्रसूतीच्या कामात पडावे, यास धर्मसभेच्या नियमांची आडकाठी होती. व्रताचे पावित्र्य राखण्याचा त्यामागील हेतू होता, हे खरे. पण जेथे स्त्री पुरुष वैद्यापुढे येत नाही, आणि प्रसूतीच्या वेदनांत मरणे पत्करते, तेथे या नियमामुळे शेजारच्या मठातील भगिनीही हात जोडून उभी राही, हेही खरे.

हे शल्य ज्यांच्या मनाला लागले त्यांत अग्नेस मॅकलॅरेन या स्कॉटलंडच्या बाई अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८३७ सालचा. स्वदेशातील विद्यालये स्त्रियांना वैद्यकीची पदवी देईनात, म्हणून त्यांनी फ्रान्समधील माँपेलिये येथे जाऊन १८७८ साली पदवी मिळविली. साठी उलटल्यावर त्या कॅथोलिक झाल्या. पुढे रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी सेंट कॅथेरिन रुग्णालय स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि सत्तरी ओलांडलेली असता त्या स्वतः तेथवर जाऊन आल्या. त्या वयात, त्या काळच्या आगबोटीने व आगगाडीने! भगिनींना वैद्यकी शिकण्याची परवानगी मिळावी म्हणून त्या रोमला वारंवार अर्ज करीत राहिल्या. परवानगी आली नाही. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. भगिनी शिकू शकत नाहीत तर शिकण्यास तयार असलेल्या अविवाहित कॅथोलिक तरुणी शोधाव्या, त्यांच्या शिक्षणाची सोय लावावी, आणि त्यांना हिंदुस्थानात पाठवावे.

ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातील ॲना डेंगल नावाच्या तरुणीने हे ऐकले व बाईंस पत्र लिहिले. मॅकलॅरेनबाईंनी तिला कळविले की, ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात काम करावयाचे तर पदवीही तिकडचीच लागेल. म्हणून आयर्लंडातील कॉर्क येथील विद्यापीठाची वाट त्यांनी तिला दाखवून दिली. येथेही नुसत्या प्रवेशाने भागणारे नव्हते. मुलीची मातृभाषा जर्मन, अभ्यास इंग्रजीत. प्रथम भाषा, मग शरीरशास्त्र. १९१३ साली मॅकलॅरेनबाई निवर्तल्या. त्या दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. जे काही झाले ते पत्रांतून. तरी लावून दिलेली वाट बुजली नाही. महायुद्धाच्या काळात ही ऑस्ट्रियन मुलगी शत्रुराष्ट्रातील म्हणून कॉर्कमध्ये शिकत राहिली, १९१९ साली पदवीधर झाली, आणि १९२० साली रावळपिंडीच्या त्या रुग्णालयात रुजू झाली. १९२५ साली तिने अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी वैद्यकीय सेवेस वाहिलेल्या भगिनींचा संघ स्थापन केला. त्या संघाने रावळपिंडीस व पुढे पाटण्यास पवित्र कुटुंबाच्या नावाने रुग्णालये चालविली.

अखेर १९३६ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ११ तारखेस, म्हणजे लूर्दच्या मातेच्या सणाच्या दिवशी, रोमच्या धर्मप्रसार मंडळाचे आज्ञापत्र निघाले. त्याने मिशनांतील भगिनींना माता व बालके यांच्या आरोग्याचे काम करण्यास मोकळीक दिली. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की, नुसती मोकळीक देऊन ते थांबले नाही. या कामास वाहून घेणाऱ्या भगिनींनी वैद्याची अथवा परिचारिकेची रीतसर पदवी वा दाखला मिळविलाच पाहिजे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. भक्ती आहे, दया आहे, मग कागदाची काय गरज, असे म्हणणारे लोक आजही भेटतात. त्यांना रोमने १९३६ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे.

आंध्रातील गुंटूर येथे मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन भगिनीचे काम याच काळातले. त्या मेलबर्न विद्यापीठाच्या पदवीधर वैद्य असून १९२० साली पोप महाशयांच्या खास अनुमतीने भगिनी असताही त्यांनी तेथे वैद्यकी चालविली. लाखो रोग्यांपुढे एकटी वैद्यबाई काय करणार? त्यांनी आसपासच्या मुली घेऊन त्यांना औषधे देणाऱ्या, परिचारिका व सुइणी म्हणून शिकविले. १९४३ साली त्यांच्याच पुढाकाराने कॅथोलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली.

देशाची एकंदर स्थिती त्या सुमारास कशी होती? सरकारने नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिले आहे की, संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,००० होत्या, म्हणजे दर ४३,००० लोकांमागे एक. आपल्या वसई तालुक्यातील दोन-चार मोठ्या गावांची लोकसंख्या एकत्र केली व तिच्या वाट्यास एकच परिचारिका दिली, तर जे चित्र होईल ते. १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि सर्व देशात शिक्षणाचे मान सारखे करण्यास आरंभ झाला.

येथवरचा इतिहास झाला. आता स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच धर्मग्रामातील एका मुलीने बारावी झाल्यावर तीन वर्षांच्या परिचर्या अभ्यासक्रमास नाव घातले. वडील वाडीत भाजी व केळी पिकविणारे. आई पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन दादरला जाणारी. फी आम्ही काही मंडळींनी मिळून भरली आणि मोठे पुण्य केले अशा समाधानात राहिलो. मुलीचे सर्व शिक्षण मराठीतून झालेले. तिकडे पहिल्याच वर्षी शरीररचना व शरीरक्रिया हे विषय इंग्रजीतून पुढे आले. हाडांची व स्नायूंची शेकडो नावे, व्याख्याने भरभर, टिपणे घेता येईनात. वसतिगृहाची खानावळ, गणवेश, पांढरे बूट, सेकंदाचा काटा असलेले घड्याळ, पुस्तके, यांचा खर्च आम्ही धरलेलाच नव्हता. तो तिच्या आईने गळ्यातील पोत मोडून भागविला, हे आम्हांस फार उशिरा कळले. मुलगी पहिल्या परीक्षेत दोन विषयांत नापास झाली. कोणास सांगावे हे तिला समजेना. नाताळात घरी आली ती परत गेलीच नाही. पुढे वाईट ते हे की, तिचे दहावी-बारावीचे मूळ दाखले संस्थेकडे जमा होते, आणि उरलेल्या दोन वर्षांची फी भरल्यावाचून ते परत मिळणार नाहीत असे तिच्या वडिलांस सांगण्यात आले. म्हणजे परिचारिका होणे राहिले बाजूला, दुसरीकडे कोठे अर्ज करावयाचीही सोय उरली नाही. दाखले सोडवून आणावयास आम्हांस आठ महिने लागले व जो त्रास पडला तो लिहीत नाही. संस्थेस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या सबंध वर्षात तिला एकदाही भेटावयास आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. हजेरीचे पैसे देणाऱ्या निधीत आणि आमच्यात तो काय फरक?

ती मुलगी आज एका दवाखान्यात कागदपत्रे लिहिण्याचे काम करते. रोग्याशी तिचे बोलणे इतके मायेचे आहे की, तेथील परिचारिकाच आम्हांस म्हणाल्या, हिने शिक्षण पुरे केले असते तर आमच्या पुढे गेली असती. हे ऐकून आम्हांस आनंद झाला असे म्हणवत नाही.

यास्तव पुढच्या सभेत आम्ही मौन धरले नाही. वर दिलेली हकिकत थोडक्यात सांगितली व निधीचा विनियोग पुढीलप्रमाणे व्हावा अशी सूचना केली. ती थोड्या चर्चेअंती मान्य झाली. मुलांची संख्या कमी घ्यावी, पण प्रत्येकाचा सबंध खर्च धरावा: फी, खानावळ, गणवेश, पुस्तके, घरी येण्याजाण्याचे भाडे. प्रवेशापूर्वी संस्था परिषदेच्या मान्यतेची आहे की नाही हे पाहावे, आणि मूळ दाखले जमा करताना अटींचा कागद वाचल्यावाचून पालकांनी सही करू नये. वाचून दाखवावयास समितीचा एक सभासद बरोबर जावा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे समितीतील एका व्यक्तीने महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटावे. दूरध्वनी पुरेसा समजू नये. या शेवटच्या कलमावर बराच वाद झाला. आमच्या एका मित्राने हा फाजील भार आहे असे म्हटले, आणि सभा संपल्यावर सर्वांच्या आधी आपले नाव त्यांनीच नोंदविले.

सर्वांत अधिक भर मात्र तयारीच्या वर्गावर आहे. मुंबईतील रुग्णालयांत पुष्कळ वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या आमच्या धर्मग्रामातील दोन परिचारिका बारावीनंतरच्या सुट्टीत मुलामुलींना शरीरशास्त्रातील शब्द इंग्रजीत व मराठीत समजावून देण्यास राजी झाल्या आहेत. त्यांपैकी एक बाई म्हणाल्या, आम्हांला हे कोणी शिकविले नव्हते. आम्ही रात्री वॉर्डातल्या दिव्याखाली शब्दकोश उघडून रडत रडत शिकलो. वर्ग मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळची प्रार्थना झाल्यावर सभागृहाच्या माडीवर भरतो. फळा शाळेने दिला आहे. मानवी सांगाड्याचा एक मोठा तक्ता भिंतीवर लावला आहे, त्याला पाहून पहिल्या दिवशी लहान मुले जिन्यातूनच पळाली. सध्या सात विद्यार्थी येतात, त्यांत दोन मुलगे आहेत. गेल्या महिन्यापासून आठवी एक विद्यार्थिनी येऊन मागच्या बाकावर बसू लागली आहे; दवाखान्यातील काम आटोपून येते म्हणून तिला थोडा उशीर होतो, आणि बाईंनी तिच्यासाठी वर्ग पंधरा मिनिटे उशिरा सुरू करावयाचे ठरविले आहे.